सोयरीकवालीचा डबा

गल्लीत तिला सगळे चिमटा म्हणत. माघारी. तोंडावर बाई. कुणी लग्नाची पोरगी समोर आणून बसवली की ही गप्पा मारता मारता तिचा दंड धरायची, मायेनं धरल्यासारखा, आणि दोन बोटांत मांस घेऊन पिळायची. पोरगी आतून कळवळली तरी वरून हसते का, एवढंच तिला बघायचं असे. हसली की म्हणायची, "नांदेल." ओरडली तर पोरीच्या आईला बाजूला घेऊन सांगायची, "हिच्यासाठी जरा ऐकण्यातला नवरा बघू."

तिचं दुकान, पाटीवर वधूवर केंद्र, म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालच्या दोन खोल्या. एका अंगाला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या अंगाला इस्त्रीवाला. पुढच्या खोलीत सोफा, टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. मागच्या खोलीत गॅस, मोरी आणि दोन खाटा. एका खाटेवर ती, दुसरीवर तिची लेक. नवरा फार मागंच दुसरीकडं संसार मांडून बसला होता आणि तिथं तो सुखात आहे हे सांगणारे लोक तिला वरचेवर भेटत. एकदा एका वरबापानं तोंडावर विचारलं, "बाई, तुमचंच टिकलं नाही, आमच्या पोराचं काय टिकवणार?" बाई म्हणाली, "टकल्या न्हाव्याकडं केस कापायला जाता ना? तसंच हे." वरबाप टकलाच होता. 

कॉम्प्युटरला ती डबा म्हणायची, आणि तिचा सगळा धंदा त्या डब्यावर उभा होता. स्थळं दाखवण्यात काय एवढं, ती कुणीही दाखवील. हिची रीत वेगळी होती. पाहुणे आले की त्यांना डब्यासमोर बसवायचं. "तुमचं गाव नकाशात दाखवा बरं," नाहीतर "मुलाची कंपनी कोणती ती काढा," असं काहीतरी काम द्यायचं आणि "चहा टाकते" म्हणून आत जायचं. चहाला मुद्दाम वेळ लावायचा. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या डब्यासमोर माणूस एकटा राहिला की त्याची बोटं शिवशिवतात. पाहुणे गेले की बाई ब्राउझरची हिस्टरी उघडायची आणि त्यांनी काय काय शोधलं ते निवांत वाचायची. "रंगाचं आम्हाला काहीच नाही हो," म्हणणारी आई शोधून गेलेली असे, सावळी मुलगी गोरी व्हायला किती दिवस लागतात. "मुलगा सुपारीसुद्धा खात नाही," म्हणणारा बाप दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांचे पत्ते बघून गेलेला असे. पुढच्या खेपेला बाई त्या बापाला पाणी देता देता म्हणायची, "संध्याकाळचा जरा त्रास असतो ना तुमच्याकडं?" बाप पेला न पिताच खाली ठेवायचा. लोक म्हणत, बाईला माणूस आरपार दिसतो.

म्हणून त्या घरात नियम होता, डब्यातलं काहीही पुसायचं नाही.

लेकीला ती ठकी म्हणायची. ठकीनं पस्तिशी ओलांडली होती. जाड भिंगाचा चष्मा, आवाज खालचा, काम वाघासारखं. बाई एका बोटानं टाइप करायची, कोंबडीनं दाणे टिपावेत तशी, आणि त्यातले निम्मे दाणे चुकायची. म्हणून ठकीनं डब्यालाच सगळं शिकवून ठेवलं होतं. बाईनं एक अक्षर दाबलं की केंद्राचं नाव, पत्ता, फोन, सगळं आपोआप भरून यायचं. स्थळांच्या साइटींचे पासवर्डही डबाच भरायचा. बाईला वाटायचं, हे आपल्याला येतं.

लोकांचं शोधलेलं वाचणं ठकीला आवडत नसे. "आई, माणसं विश्वासानं बसतात गं आपल्याकडं."

"मग विश्वासानंच वाचते मी. कुणाला सांगते का?"

"सांगतेस की. माझं सांगतेस."

हे मात्र खरं होतं. ठकीनं एकदा शोधलं होतं, नाकावरचा चष्म्याचा वळ कसा घालवावा. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर चार पाहुणे बसलेले असताना बाईनं विचारलं, "वळ गेला का गं? बघू." आणि पाहुण्यांना हसत हसत सांगितलं, "आमची ठकी आता या वयात रूप काढायच्या मागं लागलीय." पाहुणे हसले. ठकीही हसली. बाईच्या चिमट्याला हसून हसून तिला सवयच झाली होती.

तो वळ ज्याच्यासाठी घालवायचा होता तो चष्मेवाला. चौकाच्या पलीकडं त्याचं छोटं दुकान, काचा घासायचं मशीन दारातच. चाळिशीचा, अविवाहित, थोरल्या बहिणीनं वाढवलेला. ठकीच्या चष्म्याची काडी सैल झाली म्हणून ती गेली, ती काडी मग फारच वेळा सैल व्हायला लागली. शेवटी एक दिवस तो स्वतःच बाईच्या सोफ्यावर येऊन बसला. हात गुडघ्यांवर, शाळेत बसतात तसे.

"बाई, मला तुमच्या ठकीचं स्थळ हवंय."

बाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग लेकीकडं. ठकी डब्याच्या पडद्यात तोंड खुपसून बसली होती, पण कानाच्या पाळ्या लालबुंद.

"फी पडेल," बाई म्हणाली.

तो खिशात हात घालायला लागला. बाई हसली. "गंमत केली. बहिणीला घेऊन या उद्या. रीतसर होऊ दे."

त्या संध्याकाळी ठकीनं घराचा नियम मोडला. उद्या ती थोरली बहीण येणार, आई तिला डब्यासमोर बसवणार, चौकटीत बोट लागलं की आजवरचं सगळं खाली उलगडणार. चष्मेवाल्याचं नाव, नाकाचा वळ, उशिरा लग्न केलेल्या बायकांचे अनुभव. तिनं ब्राउझरची सेटिंग उघडली, दिसेल त्या चौकोनात टिचकी मारली आणि सगळं पुसलं. हिस्टरी, आपोआप भरणारं, साठवलेले पासवर्ड, सगळं. घाईत कुठलाच चौकोन तिनं सोडला नाही. पासवर्ड तिच्या डोक्यात होते, आईला लागतील तेव्हा परत घालून देऊ असं मनाशी म्हणाली आणि निजली. बऱ्याच दिवसांनी ती कुशीवर वळून हसत निजलेली बाईनं पाहिली.

सकाळी ठकी बिस्किटं आणि फुलं आणायला बाहेर पडली आणि इकडं एक कंत्राटदार आला. जुळ्या मुलींचा बाप. या गिऱ्हाइकाची बाई कधीपासून डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती. "बसा, आत्ता स्थळं दाखवते," म्हणून ती डब्यासमोर बसली आणि नेहमीसारखं एक अक्षर दाबलं.

काही आलं नाही. तिनं परत दाबलं. पडद्यावर नुसतं एक अक्षर, उघडंबोडकं.

मग तिनं केंद्राचं नाव टिपायला घेतलं. एक दाणा, दुसरा दाणा. कंत्राटदार खुर्ची ओढून जवळ आला आणि बघायला लागला, हे सगळ्यांत वाईट. पत्ता अर्धा झाला तोवर फोनाचे आकडे चुकले. साइटीनं पासवर्ड विचारला. बाईनं आपलं नाव टाकलं. साइट नाही म्हणाली. लेकीचं टाकलं. नाही. नवऱ्याचं टाकून पाहिलं, तेही नाही.

"बाई," कंत्राटदार म्हणाला, "बाहेर पाटीवर अनुभवी लिहिलंय ना?"

"लेक बाहेर गेलीय. ती आली की..."

"म्हणजे अनुभव लेकीला आहे तर." तो उठला. "मग ती असेल तेव्हा येतो."

तो गेला आणि खोली फार मोठी झाली. पलीकडं किल्लीवाल्याचं मशीन किरकिरत होतं. बाईला पहिल्यांदा नीट कळलं की ठकी चष्मेवाल्याच्या घरी गेली की रोजची सकाळ ही अशी असणार. एक अक्षर आणि पुढं काही नाही. दुपारी सोफ्यावर कुणी नाही, रात्री दुसऱ्या खाटेवर कुणी नाही. तिला रडू नाही आलं, ती रडणाऱ्यातली नव्हती. तिला राग आला. जिच्यासाठी हाडाची काडं केली ती पोरगी जाता जाता डबासुद्धा रिकामा करून निघाली होती.

ती परत डब्याकडं वळली. शोधायच्या चौकटीत बोट लावलं. खाली काही उलगडलं नाही, सगळं कसं पुसून लख्ख. पहिल्यांदा बाईला ते आवडलं. भरल्या यादीत चार ओळी हरवतात, रिकाम्या यादीत एकच ओळ पुरते.

तिनं सावकाश टिपलं. "फिट आल्यावर काय करावं." शोधलं. मग, "फिटचं औषध मधेच बंद केलं तर चालतं का." मग थोडा विचार करून, "मुलीला फिट येते हे सासरी कधी सांगावं." एवढ्याला तिचं बोट दुखून आलं. पण वाक्य कुठं चुकलं नाही. घाबरलेली आई डब्याला काय विचारते हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आजवर इतक्या आयांचं खरं वाचलं होतं की खोटं लिहिणं हातचा मळ.

ठकी फुलं घेऊन आली तेव्हा बाई कपबशा पुसत होती.

चष्मेवाल्याची बहीण अंगानं दणकट, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. ती शिवणाचे क्लास घ्यायची. आल्या आल्या तिनं सोफ्याच्या खोळीची शिवण बोटानं तपासली आणि म्हणाली, "उसवलीय." चष्मेवाला म्हणाला, "ताई, आपण मुलगी बघायला आलोय." ती म्हणाली, "मुलगी तू बघितलीस. मी बाकीचं बघते."

ठकी हसली. मनापासून. बहिणीलाही ते हसणं आवडलेलं दिसलं. "तुला येतं का गं शिवता?"

"बटणं लावता येतात."

"याची सगळी तुटलेलीच असतात. जमेल तुमचं."

बाईनं दोघींकडं पाहिलं आणि पदर खोचला. "तुमचा क्लास नक्की कुठं येतो हो?" ती गोड आवाजात म्हणाली. "या डब्यात दाखवा बरं नकाशावर. मी चहा बघते. ठके, तू कप काढ. जावईबापू, जरा ते गॅसचं बटण अडकतंय, येता का?"

जावईबापू म्हटल्यावर तो धावतच आत आला. बहीण डब्यासमोर बसली. तिनं चौकटीत टिचकी मारली. बाई दाराच्या फटीतून तिची पाठ बघत होती. पाठ वाकली, पुढं झाली, मग तशीच राहिली. मोजपट्टीचं एक टोक हातात घेऊन बहीण ते बोटाला गुंडाळत राहिली. नकाशा काही उघडला नाही.

चहा आला. बहिणीनं कप घेतला, प्यायली नाही.

"तब्येत कशी असते गं तुझी?"

"चांगली असते," ठकी म्हणाली.

"काही दुखणंखुपणं? लहानपणापासूनचं?"

"नाही हो ताई. चष्मा तेवढा."

"औषध वगैरे काही चालू?"

"काही नाही."

ठकी सरळ डोळ्यांत बघून बोलत होती. खरं बोलत होती ना. आणि एकेका खऱ्या उत्तरासरशी समोरच्या ताईचा चेहरा बंद होत चालला होता, दुकानाचं शटर ओढावं तसा. बाईनं बिस्किटांची बशी पुढं केली. "घ्या ना. ठकीनं आणलीत."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. चष्मेवाल्यानं ठकीला फोन केला आणि एवढंच म्हणाला की ताई नको म्हणते. का, ते त्याला सांगवेना. ठकीनं लगेच बहिणीला फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.  बाई सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होती.

"आजाराचं मला काही नाही, पोरी," बहीण म्हणाली. "माझ्या दिरालाही तेच आहे, गोळ्या घेतो, दोन मुलं आहेत त्याला. पण मी तुला तीनदा विचारलं. तीनदा तू डोळ्यांत डोळे घालून नाही म्हणालीस. जी एवढं सफाईनं लपवते तिच्याशी उद्या कसं वागायचं?"

"कसला आजार, ताई?"

"आता तरी पुरे कर. तुमच्याच कॉम्प्युटरवर वाचलं मी."

ठकीनं फोन ठेवला. हिस्टरी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा ती आईचं काम करत होती. तीन ओळी आणि त्यांच्यापुढं वेळ, ती फुलं आणायला गेली होती तेव्हाची.

"आई."

"हं."

"हे तू लिहिलंस?"

बाईनं शेंग मोडली. "मग कोण लिहिणार? इस्त्रीवाला?"

 ठकीनं परत फोन लावला. आवाज तसाच मोठा. "ताई, ते माझ्या आईनं लिहिलंय. मुद्दाम. मला काही आजार नाही. कुठल्याही डॉक्टरला दाखवा."

 पलीकडं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"सख्ख्या आईनं?"

"हो."

"बरं झालं सांगितलंस. मग तर मी आणखीच नको म्हणते. आजाराला गोळी तरी असते, पोरी. असली विहीण घरात आणली तर माझ्या भावाला मी कुठं लपवू?"

"त्याला द्या ना फोन."

"तो काचा घासतोय," बहीण म्हणाली आणि फोन बंद झाला.

वाटाणे सोलून झाले होते. बाईनं ताटली पुढं केली. "जा, टाक भाजी. आणि तोंड नको पाडू. तुझ्या भल्याचंच झालं. बहिणीच्या ओंजळीनं पाणी पिणारा तो, तुला काय दिवे लावून दाखवणार होता?"

ठकीनं ताटली घेतली. भाजी टाकली. मीठ बरोबर होतं.

त्या एका रात्रीत शिवणाच्या क्लासातून ठकीच्या फिटची गोष्ट गल्लीत पसरली होती, ती काही परत गेली नाही. त्यानंतर बाई मोठी प्रेमळ झाली. लेकीला नवी खुर्ची आणली, फिरणारी. पासवर्ड सगळे परत भरून झाले, एक अक्षर दाबलं की पत्ता धावत येऊ लागला. कंत्राटदारही आला. एका जुळीसाठी बाईनं लग्नाच्या हॉलमालकाचा मुलगा काढला, आणि दोन्ही घरं एके दिवशी सोफ्यावर समोरासमोर बसली. सगळं जमलं होतं. हॉलमालक म्हणाला, "मग हो म्हणायचं का?" कंत्राटदारानं हात पुढं केला.

ठकीनं चष्मा काढून टेबलावर नीट ठेवला. मग ती खुर्चीवरून घसरली, फरशीवर पडली आणि हातपाय झाडायला लागली.

आरडाओरडा झाला नाही. दोन्ही घरं भिंतीला चिकटली. हॉलमालकाची बायको म्हणाली, "हिला पाणी द्या," आणि स्वतः दाराकडं सरकली. बाईला लेकीच्या टाळूला हात लावून बसावंच लागलं. हातात धरलेलं डोकं हे नाटक करतंय हे तिला स्पष्ट कळत होतं. आणि बोलता येत नव्हतं. काय बोलणार? माझी मुलगी ठणठणीत आहे? मग गल्लीत पसरलेलं ते कुणी उठवलं?

"कधीपासून आहे हे?" कंत्राटदारानं विचारलं.

बाई लेकीची टाळू चोळत राहिली. 

"घरच्या आजाराबद्दल तोंड उघडत नाही, आणि लोकांच्या पोरांची हमी देता?"

माणसं गेली. ठकी उठली, चष्मा लावला, कपडे झटकले.

"मेले मी," बाई म्हणाली. "कशाला केलंस?"

"तूच लिहिलंयस ना. तुला खोटी पाडू का?"

बाईनं त्या दिवशी ठकीला दोन थोबाडीत दिल्या. ठकी हसली. बाईनं दंड धरून पिळला, पार काळानिळा होईतो. ठकी हसतच होती. हसते ती नांदते, तशी ती नांदत होती.

पुढच्या पाहुण्यांच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्याही. रोज नाही. बोलणी चालू असताना ठकी मुकाट टाइप करी, चहा देई, स्थळं काढून दाखवी. हो म्हणायची वेळ आली की चष्मा टेबलावर. बाईनं लोकांना बाहेर चहाच्या टपरीवर नेऊन पाहिलं, पण डब्याशिवाय टपरीवर दाखवणार काय? तिनं त्या तीन ओळी तरी पुसून टाकाव्यात म्हणून लेकीला सांगितलं. "डब्यातलं पुसायचं नाही, तुझाच नियम," ठकी म्हणाली. मग ती नसताना बाई स्वतः बसली. कसं पुसायचं ते येत नव्हतं, म्हणून डब्यालाच विचारलं, एका बोटानं, "शोधलेलं लोकांपासून कसं लपवावं." डब्यानं बरंच काही सांगितलं, तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, आणि ती नवी ओळ मात्र यादीत सगळ्यांत वर जाऊन बसली. त्यानंतर जो कोणी चौकटीत बोट लावी त्याला आधी ती दिसे आणि मग तिच्याखाली त्या तीन.

हाकलून द्यावी तर आजारी पोरीला घराबाहेर काढलं असं होणार. इस्त्रीवाल्याची बायको तर येता जाता म्हणायची, "बाई, लेकीचं किती करता हो तुम्ही. तुमच्यामागं तिला कोण?" बाईला त्यावर मान हलवावी लागे.

आता कुणी येत नाही म्हटलं तरी चालेल. तरी परवा एक जोडपं चुकून आलं, बाहेरगावचं, गल्लीतलं काही न ऐकलेलं. मुलासाठी स्थळ हवं होतं. बाईनं एक फोटो दाखवला, दुसरा दाखवला. तिसरा त्यांना पसंत पडला. नवऱ्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं मान डोलावली. "बाई, हे आम्हाला..."

ठकीचा हात चष्म्याच्या काडीकडं गेला.

"ठके," बाई हळूच म्हणाली. "एवढं जाऊ दे गं." कुणाला काही मागितल्यासारखा तो आवाज तिचा तिलाच ओळखीचा वाटला नाही.

ठकीनं चष्मा टेबलावर ठेवला.

पाहुणे एकदा आईकडं बघत, एकदा लेकीकडं. बाई उठली. मागच्या खाटेवरची उशी आणली, फिरत्या खुर्चीशेजारी फरशीवर मांडली, टेबलाचा कोपरा लागू नये म्हणून टेबल भिंतीला सरकवलं. मग पाहुण्यांना म्हणाली, "जरा पाय वर घेऊन बसा."